मामाआजोबांचे गाल कुठे गेले?

शाडूने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला.

"कैरवी, आजीचं वजन बारा किलोनं वाढलंय. मग तिचे गाल आत कसे गेले?"

शाडू म्हणजे पेणमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यातला रोबो. तो माती मळतो, साच्यात दाबतो आणि दिवसभर डोकं खातो. या वेळी मात्र त्याचा प्रश्न अगदीच वायफळ नव्हता. आम्ही आजीच्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाआजोबांचं, मातीचं डोकं घडवत होतो आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

आजीचा धाकटा भाऊ, संदेश, अठ्ठाविसाव्या वर्षी भांडून घरातून निघाला आणि बोटीवर नोकरीला लागला. पुढे खाडीचं पाणी चढलं, आमची सगळी आळी टेकडीवर आली, पत्ते बदलले, फोन बदलले. त्याचा राग कधी गेला असेल, तर तोवर परत यायला पत्ताच उरला नव्हता. याला आता चाळीस वर्षं झाली.

अशा ताटातुटींसाठी सरकारने एक शोधकेंद्र काढलं आहे. हरवलेल्या माणसाचा आजचा चेहरा तिथे पाठवायचा. जुने कागद पाण्यात गेल्यामुळे नावावरून शोधता येत नाही, म्हणून यंत्र तो नोंदवलेल्या लाखो चेहऱ्यांशी ताडून पाहतं. आजचा चेहरा माहीत असता तर शोधायची वेळ कशाला आली असती, असं मी विचारलं, तर आजी म्हणाली, "तू फार बोलतेस."

एका घराला तीनच संधी मिळतात. आम्ही दोन घालवल्या होत्या. पहिल्यांदा जुना फोटोच पाठवला. दुसऱ्यांदा त्या फोटोवरून मातीचं डोकं केलं. शाडूने ते साच्यातून काढलं, मी कोरणीने कपाळावर, डोळ्यांच्या कडेला झकास सुरकुत्या कोरल्या आणि केस पांढरे रंगवले. उत्तर आलं, 'जुळणी नाही.'

आजी त्या डोक्यासमोर बसून राहिली होती. "हा संदेश वाटत नाही," ती म्हणाली, "आणि नाही असंही म्हणवत नाही. काय करावं कळेना झालंय. मला एकदा भेटायचंय गं त्याला. भांडणात चूक माझी होती."

मग मी शेजारच्या मिलिंदआजोबांना बोलावून आणलं. ते वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र (शरीराच्या आत काय कुठे असतं याचं शास्त्र) शिकवायचे. त्यांनी डोकं एकदाच पाहिलं आणि खो खो हसले.

"हा तर गॅदरिंगमध्ये म्हातारा झालेला मुलगा! केलंत कसं हे?"

"नेहमीसारखंच," मी जरा फुगूनच म्हणाले. "साच्यातून काढायचं, वरून कोरायचं."

"सगळे गणपती असेच होतात," शाडूने माझी बाजू घेतली.

"तिथेच फसलात. गणपती कधी म्हातारे होत नाहीत. तुम्ही वरून रेषा ओढल्या, पण आतलं काही काढलंच नाही."

आम्ही दोघंही बुचकळ्यात पडलो. आजोबांनी आजीला खिडकीशी बसवलं आणि माझं बोट तिच्या कानशिलावर ठेवलं. तिथे चक्क खळगा होता.

"तरुण चेहऱ्यात कातडीखाली चरबीच्या लहान लहान गाद्या असतात," ते म्हणाले. "कानशिलात, डोळ्यांखाली, गालांवर, प्रत्येकीची जागा वेगळी. वय वाढलं की यातल्या काही रोडावतात, काही खाली सरकतात. म्हणून वरचे गाल बसतात आणि जबड्याशी मांस लोंबल्यासारखं दिसतं."

"पण वजन?" शाडू हटायला तयार नव्हता.

"पोटावरची चरबी वाढली म्हणून चेहऱ्याच्या गाद्या पुन्हा भरतातच असं नाही. शिवाय हाडंही बदलतात. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबडा थोडा झिजतो. कातडीतलं कोलॅजन (तिला घट्ट धरून ठेवणारे प्रथिनांचे धागे) कमी होतं. उशीतला कापूस कमी झाला की अभ्रा कसा चुरगळतो? सुरकुत्यांचं निम्मं गुपित तेच आहे."

"मग मामाआजोबांच्या किती गाद्या गेल्या, हे कसं कळणार?" मी विचारलं.

"नक्की नाही कळणार. उन्हानं, आजारानं, दात पडल्यानं प्रत्येकाचं वेगळं होतं. पण भावंडांची ठेवण पुष्कळदा सारखी असते. आजीवरून अंदाज बांधू."

मी आजीचा चेहरा बोटांनी चाचपत राहिले आणि शाडू मातीच्या डोक्यावरून माती काढत राहिला. कानशिलं खरवडली, गालांचे उंचवटे उतरवले, खोबणी मोठ्या केल्या. काढलेल्यातली थोडी माती जबड्याशी लावली. आजी दोनदा "हळू गं" म्हणाली. माझा मात्र गोंधळ वाढतच होता, कारण मी एकही सुरकुती कोरली नव्हती आणि डोकं आपोआप म्हातारं होत चाललं होतं.

मी तिसरा चेहरा पाठवला. आजीने डोळे मिटून घेतले.

'एक जुळणी. कोची. नोंदवणाऱ्याची संमती आहे. बोलायचं आहे?'

पडद्यावर एक हडकुळा म्हातारा आला. आमच्या मातीच्या डोक्याहून त्याचं नाक जाड होतं आणि समोरचे दात नव्हते. तो आजीकडे पाहून ओळख नसल्यासारखं हसला आणि तिच्या खांद्यामागे कुणाला तरी शोधू लागला.

"केंद्रातून सांगितलं की बहिणीचा फोन आहे. ताई कुठाय?"

आजीने स्वतःकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, "ही काय!"

तो गांगरला. मग त्याने खिशातून एक फोटो काढून आमच्यासमोर धरला. त्यात गुबगुबीत गालांची, एकतीस वर्षांची आजी होती. "बारा वर्षांत तिन्ही वेळा मी केंद्राला हाच पाठवला," तो म्हणाला. "मी हिला शोधत होतो."

म्हणजे त्यानेही तीच चूक केली होती! इतकी वर्षं दोघंही अशा माणसाला शोधत होती, जो आता कुठेच नव्हता.

आजी रडता रडता हसली. "ती आता नाही रे सापडायची. मी आहे. चालेल का?"

तो पडद्याच्या इतका जवळ आला की त्याचे फक्त डोळेच दिसायला लागले.

"ताई," तो म्हणाला, "गाडी पेणला थांबते ना अजून?"