डायल पुन्हा रंगवलेली आहे

जुनं घड्याळ खरं की बनावट हे ओळखायला मला चार मिनिटं पुरतात. किंमत सांगायला मात्र मी अर्धा तास लावतो. झटकन सांगितली की गिऱ्हाइकाला ती हमखास कमी वाटते. छत्तीस वर्षं हेच करत आलोय. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, उत्तरेची खिडकी आणि तिच्याखाली बाबांचं बाक, एवढाच माझा संसार.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांचं औषधपाणी, उठवणं-बसवणं, सगळं मी केलं. दादा परगावी नोकरीला. वर्षातून दोनदा यायचा, फळं घेऊन. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दादाच्या हातात ठेवलं. मला म्हणाले, "तुला कला दिलीय." त्या शब्दावर मी अठरा वर्षं दात खातोय. दादाशी त्यानंतर बोललो नाही. तो वारला तेव्हा पोचवायला गेलो, तेही सगळ्यात मागे उभा राहिलो.

त्याला पाच महिने झाले आणि एका मंगळवारी साडेअकराला वहिनी जिना चढून आल्या. एका हाताने भिंत चाचपत. खुर्ची त्यांना दोनदा शोधावी लागली.

"भावजी, डोळ्यांचं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "उशीर केला तर दोन्ही जातील म्हणे. हे विकायचंय. बाजारात कुणाला दाखवलं नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

त्यांनी रुमाल सोडला. आत तेच घड्याळ.

मी डोळ्याला भिंग लावलं. डायलवरची अक्षरं सुईने कोरल्यासारखी रेखीव, काट्यांवरचा रंग वयानं पिवळटलेला. मागचं झाकण उघडलं. मशीन मूळचंच, त्यावरचा नंबर बाहेरच्या डबीवरच्या नंबराशी जुळणारा. सवयीनं मी मोबाइलवर सहा फोटो काढले. चार लाख कुणीही डोळे मिटून दिले असते.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणजे जिथे तोंड असावं असं त्यांना वाटत होतं तिकडे.

"डायल पुन्हा रंगवलेली आहे," मी म्हणालो.

म्हणताना घसा साफ करावा लागला नाही, हे मला आजही आठवतं.

"मशीनही मूळचं नाही. कुठल्यातरी स्वस्त घड्याळाचं काढून बसवलंय. नऊ हजार येतील."

"पण हे बाबांचं आहे ना?"

"बाबांच्या मनगटाला हे घड्याळ कधी नव्हतंच, वहिनी. दादाने खरं घड्याळ कधीच विकून फुंकलं असणार. तुमच्या समाधानासाठी हे आणून ठेवलं."

त्यांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमचे हे मला फसवतील असं वाटलं नव्हतं." मी ड्रॉवरमधून नऊ हजार काढून दिले आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. तेवढी माणुसकी होती.

एका संग्राहकाला शुक्रवारी यायला सांगितलं. बरीच वर्षं माझ्याकडून घेतो, बोलायला तिरका, व्यवहाराला सरळ. तोवर घड्याळ पुसून ठेवावं म्हणून बुधवारी सकाळी कपाट उघडलं. किल्ली माझ्याच खिशात असते, दुसरी नाही.

डायलवरची अक्षरं जाड दिसली.

भिंग पुसलं. डोळा बदलला. अक्षरांच्या कडा फुटल्या होत्या, शाई पसरल्यासारख्या. मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर येत नव्हत्या, केसभर सरकल्या होत्या. हे काम मी शेकडो वेळा पाहिलंय. नवशिक्या माणसाने पुन्हा रंगवलेली डायल. मोबाइलमधले कालचे फोटो उघडले. त्यांत अक्षरं रेखीव होती. तेच घड्याळ, काचेवर तोच ओरखडा, एका रात्रीचं अंतर.

वय झालं, असं स्वतःला सांगितलं. जेवलो. दुपारी दुसरी कामं केली.

गुरुवारी मागचं झाकण उघडायला माझा हात धजेना. शेवटी उघडलं. आतलं मशीन पत्र्याचं, हलकं, कडेला तांदळाच्या दाण्याएवढी फट. नंबर नव्हताच. आणि ते चालत होतं. आवाज मात्र घड्याळाचा वाटत नव्हता. कुणीतरी नखानं टेबल टोकरावं तसा होता.

मी खिडकी लावून घेतली आणि मोठ्यानं म्हणालो, "डायल मूळची आहे. मशीन मूळचं आहे."

कान देऊन बसलो. झाकण लावलं, उघडलं. पुन्हा म्हणालो. खोटं एकदाच बोललो होतो, खरं सात वेळा बोललो. काही बदललं नाही.

शुक्रवारी संग्राहक आला. घड्याळ हातात घेतलं आणि हसायलाच लागला.

"तुम्हाला पण कुणी टोपी घातली? कमाल आहे."

"किती देता?"

"तुमचं तोंड बघून नऊ हजार. वर एक पैसा नाही."

त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं.

शनिवारी बँकेतून होते नव्हते ते पैसे काढले, घड्याळ खिशात घातलं आणि वहिनींकडे गेलो. दुपारची वेळ, तरी खोलीत पडदे ओढलेले. उजेड टोचतो म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. की मी खोटं बोललो. की घड्याळ खरं होतं, बाबांचंच होतं, दादानं काहीही फुंकलं नव्हतं. पैशांचं पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. रागावल्याही नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"का केलंत असं?"

"मला मिळायला हवं होतं ते."

"तेवढंच होय?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे हे खोटं बोलले नव्हते. चार रात्री मी त्यांना नको नको ते बोलले." मग त्यांनी पलंगाखाली हात घातला आणि चाचपून एक चौकट बाहेर काढली. "दुकान उघडलं त्या दिवसाचा बाबांचा फोटो. घड्याळ दिसावं म्हणून बाही वर करून बसलेत. हे नेहमी दाखवायचे. मला आता नुसता धूर दिसतो. तुम्हीच बघून सांगा, तेच आहे ना?"

मी फोटो पडद्याच्या फटीजवळ नेला.

बाबा खुर्चीत बसले होते. डावी बाही कोपरापर्यंत वर केलेली. मनगट उघडं होतं. त्यावर पट्ट्याच्या रुंदीची कातडी बाकीच्या हातापेक्षा पांढरी होती.

"दिसतंय ना, भावजी?"

बाबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. मान खाली घालून, उजव्या हाताची दोन बोटं त्या पांढऱ्या जागेवर ठेवून, ते काहीतरी शोधत होते.