डावीकडे दोन बोटं

जुनी गाडी घ्यायचीय म्हणता? घ्या बापडे. इंजिन बघा, गंज बघा, टायर बघा. तुमचं तारुण्य, तुमची हौस, आम्ही म्हाताऱ्यांनी मध्ये कशाला तंगडी घालायची? पण घेण्याआधी एक गोष्ट ऐकून जा. ते दार तेवढं लोटून घ्या. आणि ही काही इकडून तिकडून ऐकलेली नाही, माझ्या जिवाभावाच्या दोस्तावर गुदरलेली आहे.

त्याला आम्ही पाणसळ्या म्हणायचो. पाणसळ माहितीय ना? गवंड्याचं हत्यार. काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात हवेचा बुडबुडा. बुडबुडा मध्यावर थांबला म्हणजे सपाट, सरकला म्हणजे कललेलं. या गड्याचा धंदा गाड्यांची चाकं सरळ करून द्यायचा, आणि खिशात कायम एक छोटी पाणसळ. त्याची बायको म्हणायची, "ह्यांच्यापुढे ताट ठेवलं तरी आधी टेबल बघतील, मग भाजी."

त्याला एकुलता एक मुलगा. नुकता कामाला लागलेला. तो एका जुन्या स्पोर्ट्स कारवर भाळला. दोनच सीटची, बुटकी, लाल. लाल म्हणजे एकेकाळी लाल, आता ऊन खाऊन विटकरी झालेली. सीटच्या चामड्याला भेगा. पण पोराला घास गिळताना तिचाच फोटो समोर लागे. आईनं डोळ्यांत पाणी आणलं, एवढ्या वेगाची गाडी नको म्हणाली. तेव्हा पोरगा बापाला म्हणाला, "बाबा, तुम्ही तपासा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही घेणार. शब्द." म्हणजे सगळा भार पाणसळ्यावर. पोराच्या जिवाचं बरंवाईट त्याच्या एका होकार-नकारावर आलं.

नोव्हेंबरातला शनिवार. रात्रीचे पावणेदहा. गाडीचा मालक दिवसा भेटायला तयारच नव्हता. दुकान बंद करून बापलेक स्कूटरवरून त्याच्या इमारतीत गेले. तळघरातलं पार्किंग, एकच ट्यूबलाइट, तीही डोळे मिचकावणारी. मालक साठीचा, बोलायला गोड, पण बरेच महिने झोप न मिळालेला दिसत होता. एकटाच राहायचा.

त्यानं काय केलं, तर गाडीचं डावं दार उघडलं. जरा थांबला. मग हळूच लावलं. आणि मग वळसा घालून उजवीकडून स्वतः बसला. पाणसळ्याला वाटलं, बायको असेल पूर्वी, सवय जात नाही माणसाची.

इंजिन ठणठणीत होतं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, कुठे वाकलेली नाही. मालक खाली उतरला आणि पाणसळ्या नेहमीसारखा उकिडवा बसला. टायर आणि वरच्या कमानीमध्ये किती फट आहे ते तो बोटांनी मोजायचा. उजवीकडे चार बोटं. डावीकडे दोन.

गाडी डावीकडे बसली होती.

त्यानं फरशीवर पाणसळ ठेवली. फरशी सपाट. डिकीच्या कडेवर आडवी ठेवली. बुडबुडा सरकला. स्प्रिंग दमल्या असतील म्हणून टॉर्च मारून पाहिलं, तर दोन्हीकडे नव्याकोऱ्या. मालक म्हणाला, "तीनदा बदलल्या."

आता असं आहे, अशा गाडीचा कल बघताना सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती ठेवतात. पोती दुकानात. कोण जाणार आता परत? पाणसळ्यानं कंटाळा केला. एवढी एकच चूक, पण ती त्याला जन्मभर पुरली. तो पोराला म्हणाला, "बस रे जरा उजवीकडे. वजन म्हणून."

पोरगा बसला. बुडबुडा हलला... आणि बरोब्बर मध्यावर आला.

पाणसळ्या बघत राहिला. एक माणूस बसल्यावर गाडी सरळ झाली. म्हणजे दुसऱ्या बाजूला...

त्यानं काचेतून आत पाहिलं. डावी सीट रिकामी. पोरगा मात्र डावीकडे मान करून बसलेला. हसत होता. कुणी काही सांगत असलं की आपण हसतो ना, तसा.

"काय रे?"

"काही नाही."

"उतर."

"अहो, पण..."

"उतर म्हणतो ना!"

पोरगा उतरला. आता बुडबुडा पुन्हा सरकायला हवा होता. नाही सरकला. उजवीकडे चार बोटं. डावीकडे... चार. पाणसळ्यानं पाणसळ खिशात घातली. तो म्हणाला, "नाही घ्यायची."

"का? दोष काय?"

दोष सांगता येईना. पण पोरगा शब्दाला जागला, मान खाली घालून निघाला. मालकही रागावला नाही. "बरं," म्हणाला. थेट उजवं दार उघडलं, आत बसला, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. पाणसळ्याला वाटलं, बिचाऱ्याचा सौदा मोडला. मनात म्हणाला, सुटलो एकदाचे.

स्कूटर सुरू झाली. पोरगा मागे. रस्ता सपाट होता, तरी स्कूटर ओढेना. ट्रिपलसीट बसल्यासारखी कण्हत होती. पोरगा पार पाठीला चिकटून बसलेला.

"जरा मागे सरक की रे."

पोरगा आणखीच चिकटला.

"सरक ना!"

"बाबा..." आवाज अगदी बारीक. "मागे जागा नाही."

...

पाणसळ्यानं मागे पाहिलं नाही. आरशातही नाही. घर येईपर्यंत नाही. मला सांगताना हा एवढा दांडगा माणूस लहान मुलासारखं एकच वाक्य घोकत होता. म्हणाला, "मी नाही म्हणालो रे. मी नाहीच म्हणालो होतो."

पुढे काय करणार? कुणाला सांगणार, आणि सांगून काय होणार? पोरगा धडधाकट आहे. कामाला जातो. त्यानं नंतर साधी, नवी गाडी घेतली, चार माणसांची. त्याची मैत्रीण होती एक, गुणी मुलगी. पहिल्याच दिवशी डावीकडे बसली आणि गल्लीच्या तोंडाशी उतरली. पाणसळ्याच्या बायकोला एवढंच म्हणाली, "काकू, मला कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं." परत आली नाही ती.

पाणसळ्यानं पोराच्या नव्या गाडीच्या स्प्रिंग दोनदा बदलल्या. रोज सकाळी तो खिडकीत उभा राहतो. पोरगा खाली येतो, डावं दार उघडतो, जरा थांबतो, हळूच लावतो. मग वळसा घालून स्वतः बसतो. बाप हाक मारतो, पण पोरगा डावीकडे बघून हसत असतो. त्याला हाक ऐकूच जात नाही.

तुम्ही म्हणाल, काका थापा मारतात. मलाही वाटलं होतं. म्हणून गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा निघताना मी खाली वाकलो. गाडी रिकामी होती, दारं बंद, जमीन सपाट. ही माझी बोटं घातली टायरवर.

उजवीकडे चार.

डावीकडे... दोन.