शाहीर लवूचा आवाज

"ओ बाय, तो मोबाईल आधी बंद कर!"

भर सामन्यात ढोलकी थांबवून तो माझ्यावर ओरडला. दोनशे माना गर्रकन वळल्या. बारीक पाऊस लागलेला, एका हातात छत्री, एका हातात मोबाईल, आणि मी उभी होते नेमकी समोरच्या तुरेवाल्यांच्या बाजूला! जाखडी नाचाच्या सामन्यात शक्तीवाले नि तुरेवाले एकमेकांच्या चाली उचलायला माणसं पेरतात, हे मला काय माहीत नव्हतं? संगमेश्वरच्या बाजारात माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे, निम्म्या तालुक्याची भजनं मीच भरलीत. पण कोरडी जागा तेवढीच होती, त्याला मी काय करू?

"मला चोर समजलात काय?" मीही ओरडले.

"मग काय समजू... पावणी?"

सगळा मांडव हसला. मी तणतणत घरी आले. शाहीर लवू गोताड, शक्तीवाला. गण-गवळण उरकली की हा बाबा थेट खाणीवर घसरायचा. त्यांच्या गावच्या सड्यावर, वरच्या जांभ्या कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण येऊ घातली होती. तिच्याविरुद्ध गाणी म्हणतो म्हणून पोलिसांनी त्याला दोनदा उचललं होतं. आवाज जरा खरखरीत होता, पण खरं सांगते, अंगावर काटा आला होता. आणि डोळे... जाऊ दे!

चार दिवसांनी तोच स्टुडिओच्या दारात उभा. काखेत हे भलंमोठं तवसं, पावसाळी काकडी.

"चुकलं माझं. बाबल्या ढोलकीवाल्यानं सांगितलं, तू दर्शना, स्टुडिओवाली."

"तवशावर भागवताय होय, शाहीर?"

"मग काय हवंय, ते सांग की."

त्यानं असं काही बघितलं, की मी उगीचच वायरी गुंडाळायला लागले.

"सोळा गाणी भरायची हायत. घाई हाय."

"का? निवडणुकीला उभे राहताय?"

तो हसला नाही. त्यानं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर टेकवला. कातडीखाली आवळ्याएवढी गाठ होती. कॅन्सर. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मुंबईत ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार होते. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. त्याआधीच्या दोन तारखा यानं चुकवल्या होत्या, एकदा मोर्चा होता म्हणून, एकदा जनसुनावणी.

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हटलं. हात मात्र मला मागे घेववेना.

दुसऱ्या दिवशी गाणं सुरू झालं आणि चार ओळींतच अडलं. जाखडीचा शाहीर ओळ टाकतो, ती मागचा कोरस उचलतो. हा ओळ टाकायचा आणि सवयीनं गप्प उभा राहायचा. शेवटी काचेअलीकडून मीच ओळ उचलली.

*जांभ्यात रुतले पाय आमचे, पाय कसे हलतील?*
*हलतील कसे गो, हलतील कसे...*

"बेसूर हाईस," तो म्हणाला.

"मग बाबल्याला बोलवा ना!"

"नको. बाबल्या असा लाजत न्हाय."

मेल्याचा आवाज चालला होता, पण जीभ शाबूत होती! मी रोज सकाळी त्याच्यासाठी पेज आणायची, तो रोज म्हणायचा, मीठ कमी. दहाव्या गाण्यानंतर त्याला बोलताना दम लागायला लागला. बाराव्याला खोकला आला, त्यानं रुमाल घाईघाईनं खिशात कोंबला. रक्त मी पाहिलं होतं. त्या दिवशी मशीनवर डोकं ठेवून मी खूप रडले.

पंधरा गाणी झाली आणि बातमी आली, सड्याची मोजणी ऑपरेशनच्याच सोमवारी.

"ऑपरेशन पुढं ढकलतंय मी," तो आल्या आल्या म्हणाला. "लाव मशीन."

मी मेन स्विचच बंद केला.

"सोळावं गाणं मी भरणार नाही. आधी ऑपरेशन."

"सड्यावर बाया उभ्या ऱ्हाणार आनि मी खाटेवर पडू?"

"बायांकडे तुमची पंधरा गाणी आहेत. बाबल्याच्या रिक्षेवर भोंगा आहे. माझ्याकडे काय आहे, शाहीर? मला तुम्ही हवे आहात! मुके चालाल... पण मेलेले नको."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यानं चपला घातल्या आणि निघून गेला.

दोन दिवस पत्ता नाही. रविवारी सकाळी शटर उघडते तर हा पिशवी घेऊन पायरीवर बसलेला. स्टुडिओला कुलूप घातलं आणि त्याच्याबरोबर स्टेशनला गेले.

सोमवारी तो आत, आणि इकडे सड्यावर मोजणी झालीच. बाया गाण्यांवर तीन तास बसून राहिल्या. मग भोंगा जप्त झाला, बाबल्यासकट अकरा जणांना गाडीत घातलं. निम्म्या सड्यावर खुणेचे दगड रोवले गेले. अजून आहेत. कोर्टात तारखा पडताहेत.

आमच्या लग्नाला आता वर्ष होईल. लवू पाटीवर लिहून बोलतो, भांडतोही. रागावला की खडू मोडतो.

परवा एक पेपरवाला आला होता. शाहिरांचे शेवटचे शब्द काय होते, म्हणाला. मी ठोकून दिलं, "सडा सोडू नका, म्हणाले." त्यानं मोठ्या भक्तिभावानं लिहून घेतलं. लवूनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

त्या सोमवारी ऑपरेशनच्या दाराशी नर्सनं त्याचं स्ट्रेचर थांबवलं होतं. बोलायचं ते बोलून घ्या, म्हणाली. 'मला तुम्ही हवे आहात' या माझ्या बोलण्याचं उत्तर त्यानं अजून दिलं नव्हतं. मी वाट बघत वाकले. त्यानं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, सगळा दम गोळा केला, आणि त्या फाटक्या आवाजात विचारलं,

"जेवलीस काय गो?"

"जेवले," मी म्हटलं. खोटंच. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.