मधला पिंजरा

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या एका हातात उंदीर होता आणि शर्टाच्या खिशात तिच्या नावाचं पत्र.

मी कळंबच्या एका फार्मसी कॉलेजात प्राणिगृह सांभाळतो. पांढऱ्या उंदरांना दाणा-पाणी घालायचं, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, सोमवारी वजनं करायची. त्या दिवशी सोमवारच होता. सकाळी ऑफिसातल्या बाईंनी ते पत्र दिलं. माझी बायको वर्षाराणी, तिच्या उंदरांवरच्या प्रयोगाला समितीची परवानगी आली होती. लगेच फोन करावा असं वाटलं... मग म्हटलं, नको. संध्याकाळी हातात देऊ. तिचं तोंड कसं होतं ते बघू.

दुपारी तिच्या कॉलेजातल्या श्रीशैल सरांचा फोन आला.

"वैजनाथभाऊ, आधी बसून घ्या."

"हातात उंदीर हाय सर. बोला की."

"बसा हो भाऊ..."

तेरखेड्याच्या पुढं उसाची ट्रॉली उलटली होती. तिची स्कूटी शेजारून चालली होती. मी उंदीर पिंजऱ्यात ठेवला, कडी लावली आणि वहीत वजन लिहिलं. एकशे ऐंशी ग्रॅम. ते का लिहिलं, मला अजून सांगता येत नाही.

आमची भेट झाली ती एका शेळीमुळं.

दहा वर्षं झाली त्याला. रविवार होता. आमच्या घरात पिढ्यांपासून शेळ्या-मेंढ्या. नोकरी लागली तरी सुट्टीच्या दिवशी आई मला शेळ्यांमागं पिटाळायची. रस्त्याकडंच्या बांधावर एक मुलगी वाकून पाला खुडत होती. तिची कापडी पिशवी मागं ठेवलेली, आणि आमची काळी शेळी त्या पिशवीत तोंड घालून उभी. मी पळत गेलो तोवर पिशवी रिकामी झाली होती.

"अहो! सकाळपासून खुडतेय मी ते!"

"दगडी पालाच हाय की. कुठंबी उगवतोय."

"तुमच्या शेळीनं माझा थीसिस खाल्ला."

"थीसिस म्हंजे?"

"अभ्यास. ह्या पाल्याचा. त्यावर मला डिग्री मिळणार आहे."

"मग हिलाच द्या डिग्री. तुमच्यापेक्षा लई दिवस अभ्यास चाललाय तिचा."

ती चिडली होती. पण हसू आवरायचं असलं की ती खालचा ओठ दातात धरायची, ते मी पहिल्यांदा त्या बांधावर बघितलं. मी पिशवी पुन्हा भरून दिली. नाव विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राणिगृहाचं दार उघडलं आणि पांढरा कोट घालून तीच आत आली.

"शेळीवाले... तुम्ही इथं?"

"व्हय मॅडम. इथले पाला खात न्हाईत. घाबरू नका."

ती भूमची. वडील एसटीत कंडक्टर. आमच्या कॉलेजात एम.फार्म.ला आलेली. मी बारावी शिकलेला. पण पाला आणायचं काम माझ्याकडं आलं, आणि वाळवायचंही. व्हरांड्यात जुने पेपर अंथरून आम्ही पाला पसरायचो.

"उन्हात टाकतो की मॅडम. दोन दिवसांत वाळंल."

"खबरदार! सावलीतच. उन्हात लवकर वाळतो, पण जे पाहिजे ते त्यात राहत नाही."

"आन् सावलीत?"

"सावलीत वेळ लागतो. थांबायचं."

मी थांबायला तयारच होतो. रोज दुपारी ती पाला वरखाली करायला यायची. मीही त्याच वेळी तिथला व्हरांडा झाडायचो. एकदा श्रावणातली भुरभुर आली आणि दोघांनी एकाच पेपरची टोकं धरून तो आत ओढला. पाला आत आला, तरी पेपर सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही...

मग प्रयोग सुरू झाला. तीन पिंजरे. पहिल्यातले उंदीर नुसते सांभाळायचे. मधल्या आणि शेवटच्या पिंजऱ्याला लिव्हर खराब करणारं औषध द्यायचं. शेवटच्या पिंजऱ्याला त्याबरोबर पाल्याचा अर्क. मधल्याला तो नाही. शेवटी लिव्हर तपासायचं. मधल्या आणि शेवटच्या पिंजऱ्यात फरक दिसला, तर पाल्यात गुण आहे असं ठरणार.

"आन् मधल्यांनी काय पाप केलंय?"

"त्यांच्याशिवाय कळणार कसं?"

"हे काय मला पटंना."

"तुम्हाला पटायची अट नाही त्यात. तुम्ही दाणा घाला," ती हसून म्हणाली.

दोन-तीन दिवसांत मधले उंदीर अंग फुलवून कोपऱ्यात गोळा होऊन बसायला लागले. आमच्यात आजारी मेंढरू वेगळं बांधतात, पण औषधावाचून ठेवत नाहीत. मला ते बघवेना. ती घरी गेली की मी मूठभर ताजा पाला त्या पिंजऱ्याच्या जाळीतून आत सारायचो. ते खायचे. सकाळी ती यायच्या आत मी उरलेले देठ काढून टाकायचो. प्रयोग संपेपर्यंत मी हे केलं. मला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय?

तपासणी झाली. मधल्या आणि शेवटच्या पिंजऱ्याचे आकडे जवळजवळ सारखे आले, आणि दोन्ही पहिल्यापेक्षा वाईट. गाईड म्हणाले, "पाल्यात काही नाही. तसं लिहा, डिग्री मिळेल. पण ह्याच्यावर पुढं पीएच.डी.चा नाद सोडा." ती त्यासाठी पुण्याला जाणार होती. व्हरांड्यात रिकाम्या पेपरांजवळ ती बराच वेळ बसून राहिली. मी काय करून ठेवलं, ते मला त्या वेळी कळलं.

ती गाव सोडायच्या दिवशी मी कळंबच्या स्टँडवर गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. भूमची गाडी लागलेली होती. ती बॅग घेऊन उभी.

"शेळीवाले? काय राहिलं का माझं?"

"न्हाय मॅडम... एक सांगायचं होतं."

"सांगा की. गाडी सुटेल."

मी तोंड उघडलं, आणि दुसरंच बाहेर पडलं.

"जाऊ नका... तुमच्याबिगर मला करमायचं न्हाय."

तिनं खालचा ओठ दातात धरला. "एवढंच सांगायला पळत आलात?"

"व्हय," मी म्हणालो. "एवढंच."

ती गाडी तिच्याशिवाय गेली.

पुढं दोन वर्षांनी लग्न झालं. तिला तेरखेड्याकडच्या एका डिप्लोमा कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. मी घरातही तिला मॅडमच म्हणायचो. आई वैतागायची. "बायकूला मॅडम म्हंतोस व्हय रं? मग मला काय साहेब म्हंतोस का?" वर्षाराणी आईच्या मागं उभी राहून ओठ दातात धरायची. आमचं बरं चाललं होतं. म्हणून तर सांगणं रोज अवघड होत गेलं.

गेल्या वर्षी आमची पाच वर्षांची लेक, शिवांजली, अंगणात पडली आणि तिचा गुडघा फुटला. आईनं दगडी पाला हातावर चोळून रस पिळला. रक्त थांबलं. वर्षाराणी बघत होती. म्हणाली, "एवढंच येतं त्याला. बाकी मी करून बघितलं."

ती हे सहज बोलली. मला सहज ऐकता आलं नाही.

"मॅडम... मधल्या पिंजऱ्याला म्या पाला घालत होतो."

"कुठल्या पिंजऱ्याला?"

मी पाल्याकडं बोट दाखवलं. मग तिला कळलं.

"किती घालत होता?"

"मूठभर."

"किती दिवस?"

"सगळे दिवस."

ती ओट्यावर बसली. "आठ वर्षं मी त्या पाल्याला नावं ठेवली... स्टँडवर हेच सांगायला आला होतात?"

"व्हय."

"मग ते दुसरं?"

"तेबी खरंच होतं. पण आधी हे सांगायचं होतं."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताटाकडं बघून. चौथ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर कापडी पिशवी टाकली.

"पाच किलो पाला आणा. आणि शेळ्यांना लांब ठेवा."

"म्हंजे?"

"म्हणजे पुन्हा करायचं. तुमच्याच कॉलेजात. गाईड सरांशी बोललेय मी. फक्त ह्या वेळी माझ्या पिंजऱ्यांपाशी तुम्ही फिरकायचं नाही. शिवांजलीची शपथ घ्या."

"मग दाणा कोण घालणार?"

"मी घालीन."

"आन् मधल्यांचे हाल..."

"मलाही बघवत नाही, वैजनाथ. तरी मी बघत होते ना?"

नावानं तिनं मला तेवढी एकदाच हाक मारली. मी शपथ घेतली.

पाला आणला. घरातच, माळवदाखाली, सावलीत वाळवला. रोज ती एका टोकाला बसायची, मी दुसऱ्या. शिवांजली मधे बसून पानं मोजायची आणि चुकायची. वाळल्यावर तिनं पूड करून बरणीत भरली आणि वर चिठ्ठी चिकटवली. दगडी पाला, तारीख, खाली तिची सही. मग अर्ज केला. मग आम्ही परवानगीची वाट बघत बसलो. परवानगी आली त्या दिवशी मी वर्षाराणीला फोन केला नाही. स्टँडवर जे झालं, तेच पुन्हा झालं. सांगायचं ते माझ्याजवळच राहिलं.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी पत्र घेऊन तिच्या गाईडांकडं गेलो. ते म्हणाले, कुणी विद्यार्थी तयार झाला तर तिच्या जागी त्याचं नाव घालता येईल. दोघांना विचारलं. ते म्हणाले, जुना विषय आहे, साध्या गवताचा आहे. मला स्वतःला प्रयोग करता येत नाही, आणि तिच्या प्रयोगापाशी न फिरकायची शपथ आहे.

परवानगी एका वर्षाची आहे. त्यातले सात महिने गेले. पूड बरणीत आहे. तीन रिकामे पिंजरे मी धुऊन ठेवलेत. प्रयोग अजून झालेला नाही.