हवालदार मागे पळाला

जेवणं आटोपली, भांडी विसळून झाली, तरी मोठे काका उठायचं नाव घेईनात. काका म्हणजे माझे चुलत सासरे. उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली, त्यामुळे गावाबाहेरचं जंगल त्यांना तोंडपाठ. नणंदेने खोलीतला मोठा दिवा मालवला आणि पांघरूण ओढून माझ्या शेजारी बसली.

"हे माझ्यासमोर घडलेलं नाही," काका म्हणाले. "पण ज्याच्यासोबत घडलं तो घड्याळजी माझा शेजारी. थापा मारणारा माणूस नव्हे. वेळेच्या बाबतीत तर मुळीच नाही."

नवरा खुसखुसला. काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"त्याची बायको जाऊन पाच महिने झाले होते. मागे राहिला तिचा कुत्रा. हवालदार म्हणायची ती त्याला. कारण काय, दर शनिवारी तिघं जंगलात फिरायला जायचे. हा भराभर पुढे, ती गुडघ्यामुळे मागे, आणि कुत्रा मध्ये येरझारा घालून दोघांना हाकतोय! ती ओरडायची, 'अहो, थांबा की जरा!' हा कधी थांबला असेल तर शपथ."

"यांच्यासारखंच," मी हळूच म्हणाले. नवऱ्याचं खुसखुसणं बंद झालं.

"तर, जानेवारीतला दुसरा शनिवार. मुलाने परस्पर ठरवलं होतं, बाबांना आता झेपत नाही, कुत्रा ओळखीच्या एकाला देऊन टाकायचा. रविवारी सकाळी गाडी येणार. हाक मारली की येणारं त्या घरात तेवढंच एक उरलं होतं, सूनबाई. पण मुलापुढे बोलणार कोण? शेवटचं फिरवून आणू म्हणून हा दुपारी चारला निघाला. पळून जाऊ नये म्हणून साखळी हातात.

ओढ्यापर्यंत सगळं ठीक. झाडं उघडी पडलेली, हाडात शिरणारी थंडी, चिटपाखरू नाही. ओढ्याशी हवालदार थांबला. मागे बघू लागला. शेपटी हलवायला लागला."

"कुणाला बघून?" नणंदेने विचारलं.

"वाट रिकामी होती."

नणंदेने पांघरूण आणखी वर ओढलं.

"घड्याळजीने ओढलं. कुत्र्याने हिसका दिला. साखळी हातातून सुटली. तो मागे पळाला. वाळक्या पानांवरून साखळी खळखळत गेली... लांब गेली... आणि आवाज एकदम थांबला. कुणी साखळी उचलून धरावी तसा.

हाका मारून मारून याचा घसा बसला. सहाला अंधारायला लागलं. मग जंगलाच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. तिथे एक दिवा असतो. घरी जाऊन तरी करणार काय? साडेसहा झाले. सात. साडेसात. चाळीस वर्षांत कधी न थांबलेला माणूस... थांबून राहिला."

काकांनी पाण्याचा पेला उचलला. न पिताच खाली ठेवला.

"पावणेआठला पानं वाजली. कुत्राच होता. पण पळत नव्हता. दोन पावलं... थांबायचा. दोन पावलं... थांबायचा. साखळी मागे ताणलेली. जमिनीला टेकलेली नव्हती. कमरेच्या उंचीवर. दुसरं टोक उजेडात आलंच नाही."

"काका, पुरे..." नणंद पुटपुटली.

"पळावंसं वाटलं त्याला. शेवटी एवढंच म्हणाला... 'ये. सावकाश ये. मी आहे इथे.'

साखळी खाली पडली."

मग नवऱ्याने घसा खाकरला. "मग? कुत्रा दिला?"

"छे. रात्रीच मुलाला फोन. गाडी पाठवू नकोस. का ते सांगितलं नाही."

"भास असेल हो," नवरा म्हणाला. "थंडीत, एकट्या माणसाला होतात."

"मीही त्याला तेच म्हटलं. तो म्हणाला, असेल." काका उठले, पण दाराशी थांबले. "मग म्हणाला, कुत्रं काकडलेलं होतं. साखळी तर हातात धरवत नव्हती इतकी गार. पण टोकाला धरायची चामड्याची मूठ असते ना... तेवढीच उबदार होती."