ढब्बूचा सख्खा भाऊ

“तुमचा कुत्रा लंगडतो का हो?”

फोनवर एक घोगरा आवाज— “कोण बोलतंय?”

“मी... तुमच्या कुत्र्याच्या सख्ख्या भावाची मालकीण.”

तो खळखळून हसला. माझे कान तापले!

माझा ढब्बू सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर. झोपून उठला की पुढचा उजवा पाय जपून टाकायचा. डॉक्टरबाईंनी कोपर दुमडून पाहिलं, तसा कळवळला. एक्स-रेत धड काही दिसेना. सीटी स्कॅनमध्ये मात्र सापडलं— कोपराची हाडं वाढताना नीट जुळली नव्हती, हाडाचा एक टवका सुटून सांध्यात घासत होता. “मोठ्या जातीच्या पिल्लांत हे बऱ्याचदा रक्तातूनच येतं,” त्या म्हणाल्या, “भावंडांच्या घरीही कळवा.”

म्हणून, जिथून ढब्बूला आणलं तिथून नंबर घेऊन, हा फोन. पण हे सगळं सांगितल्यावर त्याचं हसू थांबलं.

“आमचा पैलवान ठणठणीत आहे.” आणि फोन बंद.

ढब्बूचं ऑपरेशन झालं. टाके काढायला गेले, तर दवाखान्याचं दार ढकलून एकजण आत आला. शर्टावर लाकडाचा भुसा, आणि दोन्ही हातांवर भलंमोठं, ओशाळलेलं कुत्रं— अगदी ढब्बूच!

“मीच तो... ठणठणीतवाला,” तो खाली बघत म्हणाला. “मी सुतार. रोज पहाटे याला पळायला न्यायचो. वाटायचं, अंग भरेल. आणि हा मुका जीव...”

त्याने पैलवानाला अलगद बाकावर ठेवलं.

“मी तर याला खाऊ घालून घालून ढब्बू केला,” मी हळूच म्हटलं. “कुणाला ठाऊक होतं?”

पैलवानाचे दोन्ही कोपर बिघडले होते. सांध्यात बारीक कॅमेरा घालून टवके काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी मी उगाचच सुताराच्या शेजारी बसून राहिले.

“तुम्ही कशाला थांबलात?”

“ढब्बूला भावाची काळजी वाटतेय.”

ढब्बू बाकाखाली चक्क घोरत होता. तो हसला... या वेळी मला आवडलं.

मग दीड महिना पथ्य चाललं— पट्ट्याला धरून थोडंच चालणं, उड्या बंद, खाणं मोजून. आम्ही चौघं रोज एकाच गल्लीत संथपणे फिरायचो. आमच्या पायऱ्यांवर त्याने लाकडी उतरण बसवली, आणि त्यासाठी चार वेळा मापं घ्यायला आला.

“फळी रोज वाढते का गं?” आईने विचारलं. बिचारा लालेलाल!

शेवटच्या तपासणीत दोघंही सरळ चालले. “म्हातारपणी सांधे कुरकुरतील,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण वजन आवरलंत तर मजेत जगतील.”

बाहेर पडलो. बारीक पाऊस होता. तो फाटकापाशीच थबकला.

“एक विचारायचं होतं... पण नको ते ऐकायला लागेल म्हणून—”

“विचारा तर खरं.”

“आता ही दोघं बरी झाली. उद्यापासून तुम्ही... म्हणजे आपण... लग्न—”

मी ठरवलं होतं, असं कुणी विचारलं तर दोन दिवस विचार करायचा, जरा भाव खायचा.

“हो,” मी म्हटलं. त्याचं वाक्य अजून पुरंही झालं नव्हतं.