अडलं नसेल, तरी…

निषाद मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या मेंढरांत अडकलेला. उरवड्याच्या रस्त्यावर आबांची दीडशे मेंढरं, आणि मधोमध स्कूटरवर बसून हा हॉर्न वाजवत होता. मी डबा घेऊन कंपनीत निघाले होते. त्याला म्हटलं, हॉर्न बंद करा, घाबरली की ती आणखी दाटी करतात.

"मग मी काय करू?"

"काही नाही. उभे राहा."

तो खरंच उभा राहिला. एक कोकरू त्याच्या बुटाची नाडी चघळत होतं, आणि हा पाय हलवत नव्हता… मला तो तिथंच आवडला. आता लिहायला काय हरकत आहे?

अर्ध्या तासानं तोच आमच्या ऑफिसात हजर. कंपनीचं पोर्टल सुधारायला आला होता. कामगारांची हजेरी, रजा, पगाराची स्लिप सगळं त्या एका पोर्टलवर, आणि सकाळी सातला पाळी बदलली की ते हमखास हँग व्हायचं. ते सांभाळायचं काम माझं, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करायचं. निषाद मूळचा परभणीचा, भूगावला मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहायचा.

त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रॅमला मेमरी वाढवून दिली, मग त्या मेमरीची साफसफाई होताना सर्व्हर किती वेळ थबकतो, ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दाखवलं. मला निम्मं कळायचं. बाकीचा वेळ मी त्याची बोटं बघत बसायचे.

"लक्ष कुठंय?" एकदा त्यानं विचारलं.

"लॉगमध्ये."

"लॉग या बाजूला आहे," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. माझ्या डब्यातल्या ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी रोज मागायचा.

कापलेल्या भाताचा वास खिडकीतून यायचा, असे ते दिवस होते.

सात वाजताचं दुखणं मात्र जाईना. मग त्यानं एका वेळी किती जणांना पोर्टलच्या आत घ्यायचं, तो आकडा शंभरावरून तीनशेवर नेला. मंगळवारी सकाळी पोर्टल पार झोपलं. तो केसांत हात घालून बसला, पण मला चूक दिसली होती. आबा वाडग्याचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाचं, दार कधी रुंद करत नाहीत. मेंढरं सोडताना फटीत गुडघा रोवून बसतात आणि दोन-दोन बाहेर काढतात. एकदम सोडली की सगळी दारातच अडकतात.

हे सांगितलं असतं तर काम संपलं असतं, आणि काम संपलं की निषाद गेला असता. म्हणून मी गप्प राहिले. लाज वाटते, पण राहिले.

गुरुवारी घोटावड्याहून येणारी साळूबाई, साठीला टेकलेली, हजेरी लागेना म्हणून पाऊण तास ताटकळली. निषादनं आपली खुर्ची नेऊन तिला दिली आणि स्वतः उभ्यानं टाइप करत राहिला. त्याची मान काही वर होईना. मग मला राहवलं नाही.

"दार रुंद करून चालत न्हाई," मी म्हटलं. मन हललं की माझी ऑफिसातली भाषा सुटते. "आकडा कमी करा. बाकीची भाईर थांबू द्यात. लवकर आत जात्यात."

आबांच्या वाडग्याचं सगळं सांगितलं. तीनशे जण एकदम आत घुसून डेटाबेसपाशी एकमेकांना अडवत होते, हे मग त्यानंच मला समजावलं. आकडा त्यानं चाळीस केला.

"हे कधी सुचलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे, करिष्मा."

त्याचे कान लाल झाले होते.

शुक्रवारी साळूबाईची हजेरी तिनं पदर सावरायच्या आत लागली. संध्याकाळी निषाद निघाला. हेल्मेट घातलं… पुन्हा काढलं. सोमवारी अडलं तर त्या आकड्याची फाइल उघडा, एवढंच म्हणाला. "अडेलच बहुतेक," हेही म्हणाला.

सोमवारी अडलं नाही. नंतरही कधीच नाही. त्याचा नंबर कामाच्या कागदावर होता. कितीदा फोन हातात घेतला, पण सांगणार काय? सगळं नीट चाललंय, एवढं सांगायला कुणी फोन करतं का? तो बंगळुरूला गेल्याचं कळलं. स्थळं येत राहिली, मी नाही म्हणत राहिले. चार वर्षं गेली.

आज पोर्टल नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं. जुने आकडे उतरवून घ्यायला मी ती फाइल पहिल्यांदाच उघडली. चाळीसच्या वर त्याची टीप होती. अशी टीप सर्व्हर वाचत नाही, फाइल उघडणारं माणूसच वाचतं.

"करिष्मा, अडलं असेल तर फोन करा. अडलं नसेल, तरी करा. मी वाट बघतोय."

आधी मला त्याचा रागच आला. इतकं चांगलं काम करायचं असतं का कुणी? मग रडू आलं. मग मी नंबर लावला.

"मी करिष्मा… उरवड्याहून."

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितली.

"अडलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "तरी केला."